मदत हवी आहे: नव्या अँटिबायोटिकवर पीएचडी, अर्ज कुठे करू?

मातीवेडा
एमएस्सी मायक्रो झालंय. पीएचडी एएमआरमध्येच (जिवाणू औषधांना दाद देत नाहीत तो विषय) करायची, तीही नवं औषध शोधण्यावर. प्रोजेक्टमध्ये मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसीट्स जिवाणूंच्या अर्काने स्टॅफ या रोगजंतूवर झकास झोन (वाढ थांबलेलं वर्तुळ) दिला, पण क्लेब्सिएला या दुसऱ्या रोगजंतूच्या प्लेटवर अर्काच्या डिस्कला चिकटून वाढ, म्हणजे परिणाम शून्य. हेच काम पुढे न्यायचंय. जरा लवकर सांगा, मुदती संपत आल्यात.

ताम्हण
कुठल्या मुदती? नेट परीक्षा झालीय का? जेआरएफ फेलोशिपसकट की नुसती पात्रता? देशात की बाहेर?

रसायनी
क्लेब्सिएला ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे दोन पटलांचा जिवाणू. बाहेरचं पटल औषधाला आत येऊ देत नाही, शिरलं तर पंप बाहेर फेकतात. अर्क आधी एलसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून ओळखणारं यंत्र) टाका. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अ‍ॅक्टिनोमायसीट्समध्येच सापडलं. तेव्हापासून लोक माती उपसताहेत, त्यामुळे जुनंच संयुग निघण्याची शक्यता फार. मायक्रोची नको, नॅचरल प्रॉडक्ट केमिस्ट्रीची लॅब धरा.

ऱ्हाइनकाठ
जर्मनीत या. सारब्र्युकेनच्या हिप्स या औषध-संशोधन संस्थेत मिक्सोबॅक्टेरिया या मातीतल्या जिवाणूंतून अँटिबायोटिक शोधतात. इथे पीएचडी बहुतेक पगारी नोकरीच असते, नेटबिट लागत नाही. मारी क्युरी नेटवर्कच्या (युरोपीय संघाच्या पैशावरच्या) जागाही बघा. अट एवढीच की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं.

कोरडवाहू
उठसूट बाहेर कशाला पाठवता? एनमेटाझोबॅक्टम हे अँटिबायोटिकसोबत द्यायचं औषध चेन्नईच्या ऑर्किडने शोधलं, २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही इथलंच. लखनौचं सीडीआरआय, चंडीगडचं इमटेक या सरकारी प्रयोगशाळा सोडून जर्मनी?

ऱ्हाइनकाठ
ऑर्किड, वोक्हार्ट कंपन्या आहेत, पीएचडीच्या जागा नव्हेत. प्रश्न जागांचा आहे.

सुमन_ताई
सासऱ्यांना लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं. कल्चर रिपोर्टमध्ये जवळपास सगळ्या औषधांपुढे आर, म्हणजे औषध चालत नाही. फेज थेरपी (जिवाणू मारणाऱ्या विषाणूंचा उपचार) कुठे मिळेल?

ताम्हण
ताई, रिपोर्ट घेऊन संसर्गरोगतज्ज्ञांना भेटा आणि वेगळा धागा काढा, इथे हरवेल. मातीवेडा, उत्तर द्या!

मातीवेडा
नेट नाही, गेट परीक्षा झालीय. बाहेर चालेल, पण घरून पैसे मिळणार नाहीत. केमिस्ट्री मात्र नको, मला जिवाणूंवरच काम करायचंय.

ताम्हण
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सीएसआयआरच्या (केंद्राची संशोधन परिषद) लॅब साधारणपणे उमेदवाराकडे त्याची स्वतःची फेलोशिप मागतात, म्हणून जून-डिसेंबरची नेट सोडू नका. जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, वर घरभाडं. तोवर गेटवर आयआयटीचे बायोसायन्स विभाग गाठा.

रसायनी
जिवाणूच हवेत तर क्लेब्सिएलाची तीच प्लेट विषय करा. पंप बंद केलेला किंवा पटल सैल केलेला क्लेब्सिएलाचा स्ट्रेन (वाण) घ्या, त्यावर अर्क पुन्हा लावा. झोन आला तर औषध आहे, ते आत टिकत नाही एवढंच. गाइडला मेल करताना दोन्ही प्लेटचे फोटो आणि हा प्रश्न चार ओळींत टाका. नुसता बायोडेटा कोणी उघडत नाही.

ताम्हण
गेट कुठल्या वर्षीचं? स्कोअर ३ वर्षंच चालतो.