'नटरंग' पुन्हा पाहताना : तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री 'नटरंग' पुन्हा पाहिला. १ जानेवारी २०१० ला तो आला, त्याच आठवड्यात थिएटरात पाहिला होता. तेव्हा बाहेर पडताना कानात फक्त 'वाजले की बारा' घुमत होतं. कागलचा गुणा, त्याची मोलमजुरी, त्याचा तमाशाचा फड हे सगळं गाण्यांच्या मागे राहून गेलं होतं.

या वेळी एका जागी थांबलो. फड उभा राहतोय, नाचायला नयना मिळालीय, पण तिची अट आहे की नाच्या हवा, म्हणजे बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष. एकही गडी पुढे येत नाही. वगातला, म्हणजे तमाशातल्या नाट्यातला, राजा व्हायचं म्हणून ज्याने हे सगळं मांडलं, तो कसलेल्या अंगाचा गुणाच शेवटी नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी आधी पैलवानी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, हे मला माहीत होतं. पण ते उतरलेले खांदे आणि बदललेली चाल बघताना परवा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपलं स्वप्न वाचवण्यासाठी स्वप्नातली स्वतःची जागा सोडतोय. कितीतरी वेळ झोप आली नाही.

तुम्हीही हा सिनेमा पुन्हा पाहिला असेल. या खेपेला काय वेगळं दिसलं? मोकळेपणाने लिहा, मोठं झालं तरी चालेल.

*

मी ढोलकी शिकतो, ६ वर्षं झाली. आधी अजय-अतुलची गाणी म्हणून ऐकायचो, आता हात ऐकतो. शाईच्या, म्हणजे काळा लेप असलेल्या बाजूची बोटं किती कोरडी आणि स्वच्छ पडतात, दुसऱ्या अंगाचा घुमारा कुठे दाबलाय आणि कुठे मोकळा सोडलाय, तेच बघत बसतो. 'अप्सरा आली' मी किमान शंभर वेळा मागे-पुढे करून ऐकलं असेल. पहिल्या वर्षी तर्जनीच्या पेरावर भेग पडायची, पट्टी लावून वाजवायचो आणि पट्टीमुळे बोल बोदा यायचा. गुरुजी म्हणायचे, पट्टी काढ, कातडं तयार होऊ दे. गुणा तालमीत पुन्हा पुन्हा चुकतो ना, तिथे मला माझं ते बोट आठवतं.

*

मला गुणाच्या बायकोबद्दल लिहायचंय. लग्नाआधी पाहिला तेव्हा ती मला वाटेतली धोंड वाटली होती, खरं सांगते. आमच्या घरात आता नाटक आहे. नवऱ्याने पगाराची नोकरी सोडली त्याला ११ वर्षं झाली, आणि सोड म्हणून सांगणारी मीच होते. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण विभावरी देशपांडेंचा चेहरा आता बघवत नाही. ती भांडते ते मला ऐकू येतच नाही, ती गप्प होते तेव्हाच पोटात कालवतं. दौऱ्यावरून हा आला की बॅगेतून रंग पुसलेला पंचा निघतो. मी तो दोनदा भिजवते, घासते, तरी कडेला लाली राहतेच. गुणाच्या घरी असा पंचा कोण धूत असेल, हा विचार मला या वेळी आला आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले.

*

माझं थोडक्यात. विहिरीवर पंप येतो आणि गुणासकट सगळ्यांची मजुरी जाते, ते बघा एकदा नीट. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत हातातलं काम गेलं. त्या रिकामपणात मी नाटकाचे पडदे रंगवायला लागलो, आणि आजही तेच करतो. फड काढायचं बळ माणसात कधीकधी काम गेल्यावरच येतं. आनंद यादव स्वतः कागलचे. त्यांच्या कादंबरीतून आलेला हा धागा सिनेमानेही सोडला नाही, म्हणून मला तो जवळचा.

*

मी कॉलेजात एकांकिकेत बाईची भूमिका केली होती. बक्षीस मिळालं. त्यानंतर वर्षभर मला ज्या नावाने हाक मारली गेली ते इथे लिहीत नाही. घरी बाबा काही बोलले नाहीत, फक्त फोटो भिंतीवर लावू दिला नाही.

एक गोष्ट मला कायम खुपते. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूची नक्कल घरंदाज बायका करत, आणि ते बरोबरच होतं, ती कला तेवढी मोठी होती. पण तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला टिंगलच आली. गणपत पाटील यांनी पडद्यावर नाच्या अजरामर केला, त्याची किंमत त्यांना प्रत्यक्ष आयुष्यात मोजावी लागली. संगीत नाटकातही पुरुषच बाई होतो आणि फडातही. एकाला मखमली पडदा मिळाला, दुसऱ्याला कनात, बाकी फरक काय होता? रवी जाधवांनी पहिला सिनेमा गुणावर केला आणि त्यानंतर 'बालगंधर्व', हे मला फार मोलाचं वाटतं.

गुणावर गावगुंड तुटून पडतात, त्याच्या आधीच मी दर वेळी सिनेमा बंद करायचो. पुढचं मला सोसायचं नाही. गेल्या महिन्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते, त्यांनीच लावला. तो प्रसंग जवळ आला तसा मी रिमोट उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. 'खेळ मांडला' झालं. शेवटी म्हातारा गुणा गौरव स्वीकारायला उभा राहिला. बाबा चष्मा न पुसता तसेच बघत होते. पडदा काळा झाला, खालून वर नावं सरकायला लागली, आणि ती संपेपर्यंत त्यांनी रिमोटला हात लावला नाही.

मग विचारलं, "तो तुझा फोटो आहे का रे अजून?"