सिराजउद्दौलासाठी मुर्शिदाबाद: कसं जावं, कुठे राहावं?

पायवाट (पुणे): एकटीच जातेय. तिकडे 4 दिवस, बजेट रेल्वेसकट 12 हजार. सिराज एप्रिल 1756 मध्ये ऐन विशीत बंगालचा नवाब झाला आणि 2 जुलै 1757 ला मारला गेला. त्याच्या खुणा बघायच्या आहेत. कधी जावं?

गोदाकाठ: डिसेंबर. आम्ही विमानाने कोलकाता, पुढे गाडी केली. तिघांचे 55 हजार झाले, पण त्रास शून्य. हजारदुआरी राजवाडा बघाच, शुक्रवारी बंद असतं.

जुनाबाड: अहो, हजारदुआरी 1837 ची! सिराजला जाऊन 80 वर्षं झाली होती. त्याच आवारातली छोटी मदिना मशीद त्याच्या काळची. लोक तिच्याकडे पाठ करून राजवाड्याचे फोटो काढतात, जीव तुटतो.

वऱ्हाडकर: नागपूरच्या भोसल्यांना विसरू नका. रघूजींनी 1751 च्या तहात वर्षाला 12 लाख चौथाई घेतली. सिराजच्या हाती आलं ते आधीच पिळलेलं राज्य.

जुनाबाड: आणि गावं जाळली ती? बंगाली अंगाईत अजून बर्गी, म्हणजे लुटायला आलेले मराठी घोडेस्वार, येतात.

वऱ्हाडकर: भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांना 1744 मध्ये बोलणीला बोलावून कापलं, तेही लिहा.

सांजवेळ: ताईंना मुक्काम विचारायचाय! लालबागमध्ये राहा, साध्या लॉजमध्ये. होडीने भागीरथी ओलांडा, पलीकडून टोटोने (ई-रिक्षाने) खुशबाग. सिराज तिथे आजोबा अलीवर्दीखानांजवळ आहे. बेगम लुत्फुन्निसाही तिथेच. नवऱ्यामागे कितीतरी वर्षं तिने त्या कबरींची देखभाल केली. मी तिथे बसून राहिले आणि परतीची होडी चुकली, अंधारात दीड तास काठावर. तेव्हा सकाळीच जा.

गोदाकाठ: हजारदुआरी शुक्रवारी बंद, पुन्हा सांगतो. आणि सिराज इंग्रजांशी लढाई हरला त्या पलाशीला जाऊ नका. एक स्तंभ आणि शेतं. लढाईची आमराई नदीने नेली.

वऱ्हाडकर: पलाशीबद्दल सहमत. डिसेंबरच बरा.

पायवाट: सगळ्यांचे आभार. खुशबाग सकाळी, नक्की. पण डिसेंबर नाही, जूनमध्ये जातेय. 23 तारखेला पलाशी, लालगोला लाइनच्या गाडीने. 1757 मध्ये याच तारखेला लढाई झाली, त्या दुपारी पाऊस आला. इंग्रजांनी दारूगोळा ताडपत्रीखाली झाकला, नवाबाचा भिजला. नवाबाचा सरदार मीर मदन पडला आणि त्याचाच सेनापती मीर जाफर फौज घेऊन जागचा हलला नाही. आमराई नसली तरी चालेल, तिथला पाऊस मला अंगावर घ्यायचाय. स्लीपरचं तिकीट काढलं.

सांजवेळ: छत्री न्या. होडीवर आडोसा नसतो.