मदत हवी आहे: चार्जर लावला की प्रोसेसर १००%

लॅपटॉप आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. बॅटरीवर वेग ३ गीगाहर्ट्‌झपर्यंत जातो. चार्जर लावला की ०.४ वर अडकतो आणि नुसतं ब्राउझर उघडलं तरी टास्क मॅनेजरमध्ये १००% दिसतं. कोणताही एक प्रोग्रॅम सगळा प्रोसेसर खात नाही, म्हणजे काम वाढलेलं नाही, वेग पडलाय. तापमान ५० अंशांच्या आसपास, त्यामुळे थर्मल पेस्ट-पंख्याचा (म्हणजे गरम होण्याचा) संशय सोडला. व्हायरस स्कॅन, सेफ मोड, पॉवर प्लॅन, सगळं करून झालं.

थ्रॉटलस्टॉपमध्ये (प्रोसेसरचा वेग का पडतो ते दाखवणारा प्रोग्रॅम) ‘बीडी प्रोकहॉट’, म्हणजे मदरबोर्डवरून प्रोसेसरला वेग कमी करायला सांगणारा सिग्नल, लाल दिसतो. बायोसमध्ये अ‍ॅडाप्टर ‘अननोन’ येतो आणि बॅटरीही चार्ज होत नाही. चार्जर ६५ वॉट, १९.५ व्होल्ट. मीटरवर व्होल्टेज बरोबर आहे, पण ओळख देणारी मधली बारीक पिन त्यावरून तपासता येत नाही.

दोष चार्जरच्या वायरीत, डीसी जॅकमध्ये (लॅपटॉपचं चार्जिंगचं सॉकेट) की मदरबोर्डवर, हे न उघडता कसं ओळखायचं? तेवढ्याच वॉटचा ओरिजिनल चार्जर लावून बघणं पुरेसं आहे का? बीडी प्रोकहॉट बंद करायची माझी तयारी नाही, चार्जरवर जास्त भार येईल.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कोथरूडकडे जॅक बदलून देणारं, उगाच मदरबोर्ड गळ्यात न मारणारं खात्रीचं दुकान असेल तर कृपया सांगा.