पंचगंगेचा पूर: उपखोरी वेगळी मोजा

घाटमाथ्यावर पाणी जिरवणारे चर खोदले, बंधारे बांधले की कोल्हापुरातला पंचगंगा नदीचा पूर आटोक्यात येईल, असं काहीजण मांडतात. पाणलोटाची कामं व्हायलाच हवीत, पण पूर थांबवण्यासाठी तेवढ्यावर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं.

घाटावरच्या गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. जुलैअखेर घाटाकडची माती तुडुंब भिजलेली असते, चर भरलेले असतात. त्यानंतर आठवडाभर मुसळधार लागली तर जवळजवळ सगळं पाणी थेट ओढ्यात उतरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी चढलं ५५ फुटांच्या वर!

म्हणून अख्ख्या पंचगंगेला एकच जोखीम-श्रेणी देऊन चालणार नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या तिला मिळणाऱ्या नद्यांची खोरी वेगवेगळी मोजायला हवीत: उतार, आकार, ओढ्यांची दाटी, मातीची खोली, आणि धरणाखालचं मुक्त पाणलोट (ज्याचं पाणी धरणात अडत नाही ते क्षेत्र) किती. हा शेवटचा आकडा चर्चेत कुणीच घेत नाही. धरणाचे दरवाजे बंद असले तरी त्याखालच्या डोंगरांवरचं पाणी नदीत येतच असतं.

नदीच्या खालच्या भागात प्रश्न निराळा आहे. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नरसोबावाडीला कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेला उतार मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. तिथे चर-बंधाऱ्यांचा उपयोग नाही. पूररेषेतला भराव आणि बांधकामं रोखणं, पुलांना पुरेशा मोऱ्या ठेवणं, हीच तिथली खरी कामं.