गाडीचा नंबर कधी लागणार? वाट पाहण्याचे आणि धुराचे अनुभव

बोरीकाठ:
काल शोरूममधून फोन आला. "सर, अजून चार महिने धरून चाला." हायब्रीड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी कार, बुक करून आठ महिने होऊन गेलेत. फोन ठेवला आणि एकदम वडिलांची पावती आठवली. अमळनेरच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात, पोथीच्या पानांत चार घड्या घालून ठेवलेली. 1977 साली स्कूटर नोंदवली, ती आली 1984 ला. मधल्या काळात मी जन्मलो, आजोबा गेले, घराचे पत्रे जाऊन स्लॅब आला. आई सांगते, स्कूटर दारात आली तेव्हा हळदकुंकू लावायला अख्खी गल्ली जमली होती. वडील दोन दिवस नुसते पुसत बसले, चालवायला धजेनात.

मला या वाट पाहण्याचा त्रास वेगळाच होतोय. धूर कमी करायचा म्हणून ही गाडी घेतोय, आणि तोवर तीच चौदा वर्षांची डिझेल रोज पळते आहे. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला बाराचं ॲव्हरेज. लिटरभर डिझेल जळलं की 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. महिन्याला सव्वादोनशे किलो, आठ महिन्यांत 1.8 टन. हा सगळा नुसत्या थांबण्याचा धूर. सकाळी सेल मारला की काळा लोट सरळ तुळशीवर जातो, आई पदर नाकाला लावून आत निघून जाते. ते बघवत नाही.

तुम्ही किती थांबलात? आणि ज्यांनी थेट इलेक्ट्रिक घेतली, त्यांचा धूर खरंच कमी झाला का? लिहा.

केळीवाला रावेर:
कापणी चालू आहे, ट्रक भरताभरता लिहितोय. तीन वर्षं झाली इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन. मळा सहा किलोमीटर, दिवसातून दोन खेपा. पेट्रोल पंपाचं तोंड पाहिलं नाही. शेतातली लाईट कधी दिवसा कधी रात्री, म्हणून चार्जिंग घरीच. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की उन्हातून आलेली गाडी लगेच लावत नाही, आंब्याखाली तासभर निवू देतो. हे कोणी सांगितलं नव्हतं, सवयीने कळलं.

माहेर भुसावळ:
माझे वडील दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, मी कॉलनीतच वाढले. अकोल्याकडून येताना केंद्राच्या उंच चिमण्या दिसल्या की आम्ही सीटखालच्या बॅगा ओढायला लागायचो. वडील म्हणायचे, कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा तारेत जातो, बाकीची वाफेवाटे आभाळात. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबर प्लेट पाहून कोणी "शून्य प्रदूषण" म्हटलं की मला बोलावंसं वाटतं. तुमच्या रस्त्यावर धूर नाही हे खरं, आणि दवाखाना-शाळेजवळ तो नसणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो कुठेतरी निघतोच, आणि तिथेही माणसं राहतात.

मेथी करपतेय, आले.

शिरपूरचा भाऊ:
आम्हना घर बी तेच चालू शे. बुकिंग करी ठेयेल शे, रंग बदला तं लवकर भेटी म्हणतस. बायको म्हणे पांढराच पाहिजे.

बोरीकाठ:
@माहेर भुसावळ, अगदी हेच विचारायचं होतं. मी ढोबळ गणित मांडलंय. पेट्रोलचा लिटर जळला की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. साधी गाडी 15 चं ॲव्हरेज देत असेल तर किलोमीटरला 153 ग्रॅम. हायब्रीडने 22 दिलं तर 105. आपल्या देशात एका युनिट विजेमागे तो 0.7 किलोच्या आसपास पडतो, केंद्रीय विद्युत प्राधिकरणच हा आकडा काढतं. इलेक्ट्रिक कार युनिटमागे 7 किलोमीटर धरली तर 100 ग्रॅम. म्हणजे आजच्या विजेवर हायब्रीड आणि इलेक्ट्रिक जवळपास बरोबरीत, आणि साधी पेट्रोल कितीतरी मागे.

पांझरा तीर:
गणित आवडलं, पण अर्धं राहिलं. वीज तारेतून येताना आणि चार्ज होताना गळते, ती धरा. पेट्रोलही विहिरीतून काढून, रिफायनरीत तापवून, टँकरने येतं, तेही धरा. दोन्हीकडे बऱ्यापैकी वाढ होते. आणि बॅटरी बनवताना कारखान्यात काही टन कार्बन आधीच निघालेला असतो, तो फेडायला इलेक्ट्रिकला काही वर्षं पळावं लागतं. माझा कल तरी इलेक्ट्रिककडे, कारण एकच. गाडी बारा-पंधरा वर्षं वापरणार. तितक्या काळात पेट्रोल काही स्वच्छ होणार नाही, वीज होऊ शकते. साक्रीकडे जाऊन बघा, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा, 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून चालू आहे. हे आपल्याच धुळे जिल्ह्यात आहे.

माहेर भुसावळ:
मेथी वाचली. थोडी खालून लागली, पण शेंगदाण्याच्या कुटाने झाकली. पांझरा, पटलं.

चाळीसगाव मास्तर:
हायब्रीडसाठी चौदा महिने थांबलो. बुक केली तेव्हा मुलगी बारावीत होती, म्हटलं तिला क्लासला सोडता येईल. आली तेव्हा ती होस्टेलला गेलेली. पहिली फेरी तिला भेटायलाच काढली, संभाजीनगरला. कन्नड घाट चढताना काही वाटलं नाही. परत येताना घाट उतरू लागलो, पाय ब्रेकवर होता आणि समोरच्या पडद्यावर बॅटरीचा दांडा एकेक घर वर चढत होता. पूर्वी हाच घाट उतरून आलं की चाकांना ब्रेक जळल्याचा वास यायचा. खाली येऊन इंजिन बंद, गाडी चालू, नुसता टायरचा आवाज. मी बायकोला म्हटलं, ऐक. दोघं गावाच्या वेशीपर्यंत बोललोच नाही.

गावात 20-22 मिळतं, मोकळ्या हायवेवर थोडं कमी.

केळीवाला रावेर:
मास्तर, डोळ्यात पाणी आणलं. मुलीला कशाला घातलंय?

चाळीसगाव मास्तर:
फार्मसी. पहिलं वर्ष.

शहादा सोलर:
घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय, सूर्यघर योजनेत 78,000 सबसिडी मिळाली. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास पडतात. कार रोज तीस किलोमीटर, म्हणजे साडेचार युनिट. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की माझी गाडी उन्हावर चालते. मग भाच्याने विचारलं, मामा, चार्जिंग कधी लावता? मी रात्री लावायचो! दिवसाचं ऊन मीटरमधून लोकांना जात होतं आणि रात्री मला बहुतेक कोळशाचीच वीज येत होती. बिल शून्य, धूर शून्य नाही. आता रविवारी आणि सुट्टीला भर दुपारी लावतो, बाकीच्या दिवशी शाळेतून चारला आलो की लगेच. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांनी एवढं कराच.

पांझरा तीर:
हे लाखमोलाचं सांगितलंत. इलेक्ट्रिक घेतली की मीही दुपारीच लावीन.

शिरपूरचा भाऊ:
बायको तयार हुई गई, करडा रंग चाली म्हणे. पंधरा दिनमा गाडी!

बोरीकाठ:
भाऊ, अभिनंदन. मीही सकाळी शोरूमला कोणताही रंग चालेल म्हणून कळवून ठेवतो. तोवर ठरवलंय, धुळे-जळगाव एसटीने. डिझेल फक्त आईच्या दवाखान्यासाठी काढायची, तीही ढकलून गल्लीत नेऊन मगच सेल मारायचा, तुळशीपासून लांब.

माहेर भुसावळ:
बोरीकाठ, वडिलांची ती स्कूटर आहे का अजून?

बोरीकाठ:
आहे. अमळनेरला जिन्याखाली, जुन्या धोतराने झाकलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण आली की आधी तेच धोतर उचलून बघते.

केळीवाला रावेर:
थंडीत सगळे या मळ्यावर. बामणोदची वांगी, कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजू. शहादावाले, चार्जिंगची पिन आहे विहिरीजवळ, दिवसा लाईट असली तर.