प्रति: छायाचित्रातील ‘रिलीफ’ ही दीपनौका

छायाचित्रातील दीपनौकेवर (दीपगृहासारखा दिवा घेऊन समुद्रात नांगरलेल्या नौकेवर) ‘रिलीफ’ असे लिहिले आहे, म्हणून ते तिचेच नाव असावे, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. अमेरिकेत दीपनौकेच्या बाजूंवर ती नांगरलेली असे त्या ठाण्याचे नाव ठळक रंगवत, आणि नेहमीची नौका दुरुस्तीला गेली की तिची जागा घेणाऱ्या बदली नौकेवर ‘रिलीफ’ असे लिहीत. १९०४ साली बांधलेली आणि आज सिॲटलमध्ये जतन केलेली ८३ क्रमांकाची नौका कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील ब्लंट्स रीफ व सॅन फ्रान्सिस्को या ठाण्यांवर राहिली, पुढे ‘रिलीफ’ झाली. त्यामुळे नौकेचा शोध बाजूवर रंगवलेल्या नावावरून नव्हे, तिच्या स्वतःच्या क्रमांकावरून घ्यावा. मात्र १९३९ मध्ये अमेरिकेची दीपगृहसेवा तिथल्या तटरक्षक दलात विलीन झाल्यानंतर क्रमांकही बदलले, हे कृपया ध्यानात ठेवावे.