चौथीच्या मुलांना चोडणला न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. गेल्या वर्षी मुलांना बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात नेलं होतं. गवा, हरणं बघून मुलं हरखली, पण पिंजऱ्यापुढून पिंजऱ्यापुढे नुसती धावपळ झाली. थांबून बघणं राहून गेलं, याची मला फार हळहळ वाटते.

या जानेवारीत चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य मनात आहे. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडायची, हेच आमच्या मुलांना केवढं अप्रूप! रान त्यांच्या दारात आहे, खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटी मात्र कुणी पाहिलेली नाही. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, ओहोटीला उघड्यावर सरपटणारी निवटी मासळी, एकच नांगी मोठी असलेले खेकडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत आणि वहीत काढावेत, असं फार वाटतं. थंडीत बाहेरून आलेले पक्षीही असतात.

मुलं ३४, शिक्षक तीन. तिथे वर्ग घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा: भरतीची वेळ धरून होडीतून फिरवावं, की ओहोटीला पायवाटेने न्यावं? दोन्ही एका सकाळी जमतं का? वनखात्याकडे अर्ज किती दिवस आधी केलात? होडीत मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं मिळाली का? एका मुलीला फार चालवत नाही. तिला मागे ठेवून मी जाणार नाही, तेव्हा पायवाट कशी आहे तेही कळवा.

दुर्बीण आमच्याकडे एकच आहे. दिवसभरासाठी कुणी उसनी देईल का?